अजिंक्यपदानंतरचे वर्ष
(अमेरिकन महाविद्यालयीन बेसबॉलमधील एक कोडे)

२६ जून २०२२ रोजी अमेरिकेतील नेब्रास्का राज्यातल्या ओमाहा शहरी मिसिसिपी विद्यापीठाच्या बेसबॉल संघाने ओक्लाहोमा विद्यापीठाचा ४–२ असा पराभव केला आणि आपल्या इतिहासात प्रथमच राष्ट्रीय अजिंक्यपद मिळविले. ‘ओल मिस’ या लाडक्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाच्या गावात, म्हणजे ऑक्सफर्डमध्ये, त्या रात्री दिवाळीच झाली असणार. पुढल्या वर्षी हाच संघ पुन्हा मैदानात उतरला. त्याने ५४ सामने खेळले. २५ जिंकले, २९ गमावले. स्वतःच्या गटातील ३० सामन्यांपैकी तर त्याला फक्त सहाच जिंकता आले. राष्ट्रीय स्पर्धेसाठी देशभरातून ६४ संघ निवडले जातात. त्या ६४ मध्येही गतविजेत्याला जागा मिळाली नाही.

हा केवळ एका संघाचा दुर्विलास म्हणावा, तर आदल्याच वर्षीचा दाखला समोर आहे, आणि तोही त्याच राज्यातला. मिसिसिपी स्टेट विद्यापीठाने २०२१ साली हे अजिंक्यपद जिंकले. कोणत्याही सांघिक खेळातले त्या विद्यापीठाचे ते पहिलेच राष्ट्रीय विजेतेपद. २०२२ मध्ये त्या संघाने २६ सामने जिंकले, ३० गमावले आणि तोही स्पर्धेबाहेर राहिला. शेजारी शेजारी असलेली दोन विद्यापीठे पाठोपाठच्या वर्षी शिखरावर चढली आणि पाठोपाठच्या वर्षी दरीत उतरली.

अशा वेळी आपल्या तोंडी एक उत्तर तयार असते : “डोक्यात हवा गेली!” १९८३ च्या जूनमध्ये भारताने विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षीच्या अखेरीस वेस्ट इंडीजच्या संघाने इथे येऊन एकदिवसीय सामन्यांत आपल्याला ५–० असे धुतले, तेव्हाही पुष्कळांनी हेच उत्तर दिले होते. उत्तर सोपे आहे आणि ते देताना बोलणाऱ्याला थोडे समाधानही मिळते. पण ते खरे आहे काय? या लेखात अमेरिकन महाविद्यालयीन बेसबॉलच्या निमित्ताने या प्रश्नाची थोडी उकल करावयाची आहे.

खेळ आणि स्पर्धा

बेसबॉल आपल्याकडे फारसा खेळला जात नाही, म्हणून दोन शब्द आधी सांगणे बरे. नऊ–नऊ खेळाडूंचे दोन संघ, नऊ डाव, हातात गोल दांडका आणि समोरून टप्पा न पडता वेगाने येणारा चेंडू. हा चेंडू फेकणारा तो ‘पिचर’. क्रिकेटमध्ये एका गोलंदाजाचा दिवस वाईट गेला तरी दुसरा सावरून घेतो. बेसबॉलमध्ये मात्र पिचर हाच सामन्याचा कणा. एकट्या पिचरच्या जोरावर बलाढ्य संघाला लोळविल्याची उदाहरणे या खेळात पावलोपावली सापडतात.

महाविद्यालयीन मोसम फेब्रुवारीच्या मध्याला सुरू होतो. प्रत्येक संघ नियमित मोसमात जास्तीत जास्त ५६ सामने खेळतो. मे महिन्याच्या अखेरीस निवड समिती ६४ संघ निवडते. त्यांचे चार–चारांचे सोळा गट होतात. सोळा गटविजेते दोन–दोनच्या जोड्यांनी तीनपैकी दोन सामने जिंकण्यासाठी लढतात. उरलेले आठ संघ ओमाहाला जातात आणि तिथे अजिंक्यपदाचा निकाल लागतो. ही स्पर्धा १९४७ साली सुरू झाली आणि १९५० पासून ती ओमाहालाच भरते. पहिल्या दोन वर्षी अंतिम फेरीत हरलेल्या येल विद्यापीठाच्या संघात जॉर्ज बुश नावाचा एक खेळाडू होता. तोच पुढे १९८९ साली अमेरिकेचा राष्ट्राध्यक्ष झाला.

आता जरा मोजदाद करू. २०१२ पासून २०२४ पर्यंत बारा अजिंक्यवीर झाले, कारण २०२० ची स्पर्धा कोरोनामुळे रद्द झाली. २०१९ चा विजेता व्हँडरबिल्ट. त्याचे पुढले वर्ष असे वाहूनच गेले. म्हणून तो वगळला तर उरतात अकरा. या अकरांपैकी पुढल्या वर्षी पाच संघ ६४ मध्येही आले नाहीत : अ‍ॅरिझोना (२०१३), यूसीएलए (२०१४), कोस्टल कॅरोलायना (२०१७), मिसिसिपी स्टेट (२०२२) आणि ओल मिस (२०२३). तिघे पहिल्याच फेरीत गारद झाले : व्हर्जिनिया (२०१६), ओरेगन स्टेट (२०१९) आणि एलएसयू म्हणजे लुइझियाना स्टेट (२०२४). टेनेसी (२०२५) दुसऱ्या फेरीत अडला. ओमाहापर्यंत पुन्हा पोहोचले ते फक्त दोघे, व्हँडरबिल्ट (२०१५) आणि फ्लोरिडा (२०१८). पुन्हा अजिंक्य ठरला असा एकही नाही. पाठोपाठ दोन वर्षे जिंकणारा शेवटचा संघ म्हणजे साउथ कॅरोलायना, २०१० आणि २०११ सालचा.

अकरा संघांच्या डोक्यात एकसारखी हवा गेली, असे मानणे कठीण आहे. कारण दुसरीकडे शोधले पाहिजे.

जिंकलेला संघ राहतो कुठे?

पहिले आणि सर्वांत मोठे कारण असे, की ज्या संघाने अजिंक्यपद मिळविले तो संघ पुढल्या वर्षी अस्तित्वातच नसतो. असतो तो फक्त त्याचा गणवेश.

अमेरिकेतील व्यावसायिक बेसबॉल संघ दरवर्षी आळीपाळीने तरुण खेळाडू निवडून घेतात. या पद्धतीला ‘ड्राफ्ट’ म्हणतात. ती १९६५ पासून चालू आहे. नियम असा, की शाळा संपविलेल्या मुलाला तेव्हाच निवडता येते. पण तो एकदा चार वर्षांच्या महाविद्यालयात दाखल झाला, की तिसरे वर्ष पुरे होईपर्यंत किंवा वयाची एकवीस वर्षे भरेपर्यंत त्याला हात लावता येत नाही. आपल्याकडे एफ. वाय., एस. वाय., टी. वाय. असतात, तशी तिथे चार वर्षे. तिसऱ्या वर्षाचा खेळाडू ड्राफ्टमध्ये निवडला गेला, तर तो संघाशी घासाघीस करू शकतो. “पैसे कमी देत असाल तर मी आणखी एक वर्ष कॉलेजात राहतो,” असे त्याला म्हणता येते. चौथ्या वर्षाच्या खेळाडूच्या हातात हे अस्त्र उरत नाही. साहजिकच बहुतेक चांगले खेळाडू तिसऱ्या वर्षानंतरच महाविद्यालयाला रामराम ठोकतात. त्यात गैर काहीच नाही. एखाद्या गरीब घरच्या मुलाला एका सहीनिशी घराचे दारिद्र्य फिटेल एवढी रक्कम मिळत असेल, तर त्याने पदवीसाठी थांबावे असे त्याला कोणत्या तोंडाने सांगायचे?

आता गंमत पाहा. जून महिन्यात ओमाहाला संघ जिंकतो. साऱ्या देशासमोर त्याचे खेळाडू चमकतात. तीन आठवड्यांच्या आत, जुलैच्या मध्याला, ड्राफ्ट होतो. म्हणजे यशानेच खेळाडूंची किंमत वाढते आणि वाढलेल्या किमतीने ते संघ सोडतात. २०२३ साली एलएसयू विजेता ठरला. त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये संपूर्ण देशातून पहिला निवडला गेला तो त्यांचा पिचर पॉल स्कीन्स आणि दुसरा निवडला गेला तो त्यांचाच फलंदाज डिलन क्रूज. एकाच महाविद्यालयाचे दोन खेळाडू पहिल्या दोन क्रमांकांवर, असे पूर्वी कधी घडले नव्हते. स्कीन्सने त्या एका मोसमात २०९ फलंदाज ‘स्ट्राइक आउट’ केले होते, म्हणजे चेंडू खेळूच न देता परत पाठविले होते. अशा खेळाडूची जागा कोण भरून काढणार? पुढल्या वर्षी एलएसयूने ४३ सामने जिंकले खरे, पण नॉर्थ कॅरोलायनाच्या मैदानावर पहिल्याच फेरीत त्याची वाटचाल संपली.

विजेत्याला या ड्राफ्टचा दुसराही फटका बसतो आणि तो बाहेरच्यांच्या ध्यानात येत नाही. नामवंत संघाकडे पुढील वर्षी येण्याचे कबूल केलेली शाळकरी मुलेही उत्तम असतात. त्यांनाही त्याच ड्राफ्टमध्ये उचलले जाते. म्हणजे तिसऱ्या वर्षाची मुले पुढच्या दाराने जातात आणि पहिल्या वर्षाची उंबरठ्यावरूनच परततात. दोन्ही बाजूंनी गळती.

वर्गाची यादी पाहा

हे कारण खरे असेल, तर त्यावरून एक अंदाज बांधता आला पाहिजे. जिंकणाऱ्या संघाचे मोहरे तिसऱ्या वर्षात असतील तर पुढल्या वर्षी तो घसरेल. पहिल्या–दुसऱ्या वर्षात असतील तर टिकेल. हा अंदाज इतिहासाशी ताडून पाहू.

२०१० साली साउथ कॅरोलायना जिंकला, तेव्हा मायकेल रॉथ आणि जॅकी ब्रॅडली दुसऱ्या वर्षात होते, तर ख्रिश्चन वॉकर आणि मॅट प्राइस पहिल्या वर्षात. ड्राफ्टला यांपैकी कोणालाही नेता आले नाही. परिणाम काय झाला? २०११ साली संघ पुन्हा अजिंक्य ठरला आणि २०१२ साली पुन्हा अंतिम फेरीत गेला.

२०१४ साली व्हँडरबिल्ट जिंकला. त्याचे डॅन्स्बी स्वान्सन, कार्सन फुल्मर आणि वॉकर ब्यूलर हे तिघेही दुसऱ्या वर्षात होते. तिघे परत आले आणि २०१५ साली संघ पुन्हा अंतिम फेरीत पोहोचला. त्यानंतर त्या वर्षीच्या ड्राफ्टमध्ये स्वान्सन देशात पहिला, फुल्मर आठवा आणि ब्यूलर चोविसावा निवडला गेला. २०१७ च्या विजेत्या फ्लोरिडाचेही तसेच. ब्रेडी सिंगर, जॅक्सन कोवार आणि जॉनाथन इंडिया दुसऱ्या वर्षाचे होते, आणि २०१८ साली फ्लोरिडा पुन्हा ओमाहाला दिसला.

उलट बाजू पाहा. २०१३ साली यूसीएलए जिंकला तो अ‍ॅडम प्लटको आणि निक व्हँडर ट्यूग या तिसऱ्या वर्षाच्या दोन पिचरांच्या बळावर. दोघेही गेले. पुढल्या वर्षी संघाने २५ सामने जिंकले, ३० गमावले आणि एक बरोबरीत सुटला. प्रशिक्षक तेच, मैदान तेच, सराव तोच.

तेव्हा एखादा विजेता पुढे टिकेल की कोसळेल, हे जाणून घ्यायचे असेल तर त्याच्या मनोधैर्याची चिकित्सा करण्याआधी त्याच्या वर्गाची हजेरी पाहावी.

कोपराची गोष्ट

पण येथे एक अडचण उभी राहते. ओल मिसचे सगळेच खेळाडू काही गेले नव्हते. कप्तान टिम एल्को गेला. त्याने २०२२ मध्ये २४ होमरन मारले होते आणि त्याचे शिक्षणाचे पाचवे वर्ष चालू होते. उपान्त्य टप्प्यावर आर्कान्सॉ संघाला एकही धाव न देता पूर्ण नऊ डाव टाकणारा डिलन डेलूशिया हा पिचरही गेला. पण जेकब गोन्झालेझसारखा अव्वल खेळाडू राहिला होता, आणि अंतिम सामन्याची सुरुवात करणारा हंटर एलियट हा डावखुरा पिचर तर त्या वेळी पहिल्या वर्षाचा विद्यार्थी होता. आमच्या अंदाजाप्रमाणे संघ टिकायला हवा होता. मग काय झाले?

२०२३ च्या मोसमाच्या आरंभीच एलियटचे कोपर दुखावले. पुढे त्यावर शस्त्रक्रिया करावी लागली.

क्रिकेटमध्ये गोलंदाजाने हात सरळ ठेवून चेंडू टाकायचा असतो. बेसबॉलचा पिचर मात्र कोपर वाकवून, चाबकाचा फटकारा मारावा तसा हात झटकतो. त्या झटक्याचा सारा ताण कोपराच्या आतल्या बाजूच्या एका लहानशा अस्थिबंधावर येतो. तो फाटला की पूर्वी पिचरची कारकीर्द संपत असे. १९७४ साली फ्रँक जोब या शल्यविशारदाने टॉमी जॉन नावाच्या पिचरवर एक नवी शस्त्रक्रिया केली. शरीरातील दुसरीकडचा स्नायुबंध काढून तो कोपरात बसविला. जॉन पुन्हा खेळू लागला आणि शस्त्रक्रियेला त्याचेच नाव पडले. पण त्यातून बरे व्हायला वर्ष किंवा त्याहूनही अधिक काळ लागतो. महाविद्यालयीन खेळाडूच्या दृष्टीने म्हणजे एक संपूर्ण मोसम बुडाला.

मिसिसिपी स्टेटची कहाणीही हीच. २०२१ च्या विजयातील विल बेडनार हा पिचर ड्राफ्टमध्ये चौदाव्या क्रमांकावर निवडला जाऊन गेला. लँडन सिम्स राहिला. आधी सामन्याच्या शेवटी येणाऱ्या सिम्सकडे २०२२ मध्ये सामना सुरू करण्याची जबाबदारी दिली गेली आणि मार्चच्या आरंभीच त्याचे कोपर गेले. त्याच्यावर हीच शस्त्रक्रिया झाली.

ओमाहापर्यंत जाणारा संघ इतरांपेक्षा महिनाभर अधिक खेळतो आणि ते सामने सर्वांत निकराचे असतात. या दोघांच्या कोपरांना त्याच महिन्याने इजा केली असे कोणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. जे संघ लवकर हरतात त्यांच्याही पिचरांची कोपरे दुखावतात. पण एवढे मात्र नक्की, की महाविद्यालयीन संघाची भिस्त दोन–तीन पिचरांवर असते. गटातील सामने शुक्रवार, शनिवार, रविवार असे लागोपाठ होतात आणि प्रत्येक दिवसाचा पिचर ठरलेला असतो. त्यांतला एक ड्राफ्टने नेला आणि दुसरा कोपराने, की संघाचे दोन खांब गेले. मग छप्पर कितीही चांगले असले तरी काय उपयोग?

खांबाला पर्यायी खांब ठेवणे तिथल्या प्रशिक्षकाला सोपे नव्हते. बेसबॉल संघाला अनेक वर्षे फक्त ११.७ पूर्ण शिष्यवृत्त्या वाटता येत आणि त्या जास्तीत जास्त २७ खेळाडूंत विभागाव्या लागत. पस्तीस जणांच्या संघात अर्धी–पाव शिष्यवृत्ती घेणारे आणि काहीही न घेणारेही असत. २०२५ मध्ये न्यायालयीन तडजोडीनंतर ही पद्धत बदलली, तोपर्यंत हाच हिशेब होता. तेवढ्या पैशात उत्तम पिचर राखीव म्हणून बाकावर बसवून ठेवणे कोणाला परवडणार?

नशिबाचे गणित

तिसरे कारण समजायला थोडे अवघड आहे, पण माझ्या मते तेच सर्वांत बोधप्रद आहे.

ओल मिसच्या २०२२ च्या यशाकडे पुन्हा पाहू. त्या वर्षी गटातील ३० सामन्यांपैकी त्यांनी १४ जिंकले होते, १६ गमावले होते. ६४ संघांच्या यादीत त्यांचे नाव अगदी शेवटी आले असे मानले गेले. म्हणजे समितीने जरा वेगळा विचार केला असता तर हा संघ घरीच बसला असता. पण तो आत आला आणि अकरांपैकी दहा सामने जिंकून अजिंक्य झाला! तेव्हा प्रश्न असा, की त्या संघाची खरी योग्यता कोणती? मेअखेरपर्यंतच्या तीन महिन्यांतली, की जूनच्या तीन आठवड्यांतली?

समजा, एखादा संघ इतका चांगला आहे, की तोलामोलाच्या प्रतिस्पर्ध्याविरुद्ध तो शंभरांतून साठ वेळा जिंकतो. तीनपैकी दोन सामने जिंकण्याची त्याची शक्यता शेकडा ६५ च्या आसपास येते. अजिंक्यपदासाठी अशा साधारण चार पायऱ्या चढाव्या लागतात असे हिशेबाच्या सोयीसाठी धरू. चारही पायऱ्या चढण्याची शक्यता उरते शेकडा १८. म्हणजे इतका सरस संघसुद्धा सहा वर्षांतून सुमारे एकदाच जिंकेल. आणि लागोपाठ दोन वर्षे? शेकडा तीन. त्यात एकही खेळाडू गेला नाही, एकाचेही कोपर दुखावले नाही, असे धरले आहे!

याचाच अर्थ, अजिंक्यपद मिळविणाऱ्या संघाजवळ गुण तर असतातच, पण त्या वर्षी दैवही त्याच्या बाजूला असते. पुढल्या वर्षी गुण राहतात, पण दैव राहीलच असे नाही. इंग्रज शास्त्रज्ञ फ्रान्सिस गॉल्टन याने १८८६ साली आईवडील आणि मुले यांच्या उंचीचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईवडिलांची मुले उंच असतात, पण बहुधा आईवडिलांइतकी नसतात. ती सरासरीकडे थोडी झुकतात, असे त्याला आढळले. जिथे जिथे गुण आणि योगायोग यांची सरमिसळ असते, तिथे तिथे अतिशय वरचा आकडा दुसऱ्या खेपेस खाली येतो.

ओरेगन स्टेटच्या संघात या दोन्ही बाजू पाहायला मिळतात. २००६ साली तो जिंकला. २००७ साली आपल्या गटात त्याने १० विजय आणि १४ पराभव अशी कामगिरी केली, कसाबसा राष्ट्रीय स्पर्धेत आला आणि पुन्हा अजिंक्य ठरला. २००८ साली मात्र त्याला स्पर्धेत प्रवेशच मिळाला नाही. २००७ मध्ये निवड समितीने त्याला वगळले असते, तर “यशाने माजलेला संघ” म्हणून लोकांनी त्याचेही उदाहरण दिले असते.

एक शंका इथे कोणी घेईल. लॉस एंजेलिसच्या सदर्न कॅलिफोर्निया विद्यापीठाने रॉड डिडो या प्रशिक्षकाच्या हाताखाली १९७० ते १९७४ अशी सलग पाच वर्षे अजिंक्यपद मिळविले, ते कसे? तो पराक्रम थोरच. पण त्या काळी स्पर्धेचा पसारा आजच्यापेक्षा पुष्कळ लहान होता आणि चढायच्या पायऱ्याही कमी होत्या. त्यानंतर कोणालाही सलग तीन वर्षे जिंकता आले नाही.

मग मनाचा काहीच संबंध नाही?

आहे. असे कोण म्हणेल, की नाही? विजेता जूनअखेरपर्यंत खेळत असतो, तेव्हा इतर संघांचे प्रशिक्षक पुढल्या वर्षाच्या भरतीला लागलेले असतात. २०२१ पासून खेळाडूला एका महाविद्यालयातून दुसऱ्यात जाऊन लगेच खेळता येऊ लागले, तेव्हापासून तर उन्हाळ्यातला एकेक दिवस मोलाचा झाला आहे. शिवाय गतविजेत्याविरुद्ध प्रत्येक प्रतिस्पर्धी आपला उत्तम पिचर राखून ठेवतो. कधी प्रशिक्षकच बदलतो, जसे २०१८ च्या विजयानंतर ओरेगन स्टेटचे पॅट केसी निवृत्त झाले. कधी संघाचा गटच बदलतो. कोस्टल कॅरोलायनाने ३० जून २०१६ रोजी अजिंक्यपद जिंकले आणि दुसऱ्याच दिवशी, १ जुलैला, ते विद्यापीठ ठरल्याप्रमाणे ‘सन बेल्ट’ या नव्या गटात दाखल झाले. पुढल्या वर्षी ३७ सामने जिंकूनही त्याला राष्ट्रीय स्पर्धेचे दार उघडले नाही.

पण ‘डोक्यात हवा गेली’ या निदानातला धोका वेगळाच आहे. डॅनियल काह्नमन हे मानसशास्त्रज्ञ (२००२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक त्यांना मिळाले) इस्रायलच्या हवाई दलातील शिक्षकांचा एक अनुभव सांगत. तेथील एक शिक्षक म्हणाला, “उत्तम कसरत करणाऱ्या वैमानिकाची मी स्तुती केली की पुढच्या खेपेस तो बिघडतो, वाईट करणाऱ्याला झापले की सुधारतो. म्हणून स्तुती करू नये.” काह्नमन यांच्या ध्यानात आले, की स्तुती किंवा शिवी यांचा इथे संबंधच नाही. फार चांगल्या खेपेनंतरची खेप बहुधा थोडी कमी चांगली असते आणि फार वाईटानंतरची बरी. पण शिक्षकाने त्यातून चुकीचा धडा घेतला, आणि त्याची शिक्षा मुलांना मिळाली.

हीच गोष्ट मैदानावर घडते. ज्यांनी अजिंक्यपद मिळवून दिले ते खेळाडू व्यावसायिक संघात जातात. मागे राहिलेल्या एकोणीस–वीस वर्षांच्या मुलांच्या माथी ‘नाव घालविल्याचे’ खापर फुटते. त्यांनी काही घालविलेले नसते. त्यांच्या हाती रिकामे झालेले घर आलेले असते. प्रशिक्षकाचीही सुटका नाही. मिसिसिपी स्टेटला इतिहासातले पहिले विजेतेपद मिळवून देणारे ख्रिस लेमोनिस यांना एप्रिल २०२५ मध्ये, मोसम चालू असतानाच, पदावरून दूर करण्यात आले. त्या विजयाला तेव्हा चार वर्षेही झाली नव्हती.

आणि ओल मिस? २०२४ सालीही तो स्पर्धेबाहेरच राहिला. एलियट शस्त्रक्रियेनंतर ते संपूर्ण वर्ष खेळला नाही. २०२५ मध्ये तो परतला, शुक्रवारचा चेंडू पुन्हा त्याच्या हातात आला आणि संघही राष्ट्रीय स्पर्धेत परत आला. मधल्या काळात त्या मुलाच्या डोक्यातली हवा कमी झाली असे कोणी म्हणाले नाही. त्याचे कोपर बरे झाले होते, एवढेच.

आपल्या महाविद्यालयाच्या जिन्यात जिंकलेल्या संघांची छायाचित्रे ओळीने लावलेली आहेत. वर्षानुवर्षे आपण त्यांच्याखालून जातो आणि “हल्लीच्या मुलांत तो दम नाही” असे कोणीतरी म्हणते. पुढल्या वेळी असे वाक्य तोंडी आले, तर जरा थांबून छायाचित्राखालची नावे वाचावीत आणि त्यांतले किती जण आज आपल्यात शिकत आहेत ते मोजावे. बहुतेक वेळा प्रश्नाचे निम्मे उत्तर तिथेच मिळेल.